चपलांच्या राखणीला चंदन

सिंदी (रेल्वे)
ता. ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

ती. शोभाबाईंना आनंदाचा साष्टांग नमस्कार.

पिशवी पोचली. आत निघालं ते असं: संत्री दोन डझनांना एक कमी, त्यातली तीन दबलेली, जवसाची चटणी एक डबा, मुंगवड्या अर्धा किलो, आणि माझ्यासाठी हिरवा ब्लाऊजपीस. कंडक्टरला तुम्ही तिकडे पन्नास दिले म्हणे. वर्ध्याच्या बसस्टँडवर त्यानं तुमच्या भावाकडून आणखी वीस घेतले, शिवाय यांचं जाण्यायेण्याचं भाडं, शिवाय यांनी तिथे चहा घेतलाच असेल, तो सांगत नाहीत. इथे बाजारात संत्री साठ रुपये डझन आहेत. म्हणजे तुमची माया जेवढ्याची, तेवढाच तिचा हेलपाटा. पुढच्या वेळी पिशवीबरोबर तुम्हीच या. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, तेव्हा भाड्याचं कारण नको.

फोनवर बोलायचं मी आता सोडलं. परवा मी ओरडून ओरडून "पिशवी मिळाली" सांगत होते, तुम्ही "बरं बरं, तूही तब्येतीला जप" म्हणून ठेवून दिला. शेजारच्या गल्लीला कळलं, तुम्हाला नाही. लिहिलेलं बरं. लिहिलेलं तुम्ही दोनदा वाचता.

मुद्द्याचं असं की यंदा आपल्या गल्लीच्या सभागृहात दत्तजयंतीचा सप्ताह बसणार आहे. २८ नोव्हेंबरला सुरू, ४ डिसेंबरला जयंती आणि काला. तुम्ही यायचं, आणि आलात की परत जायची घाई करायची नाही. भाऊजी गेल्यापासून रोहण्यात एवढ्या घरात एकट्या, त्यात कान गेलेले. दारात कोण आलं कळत नाही, रस्त्यानं मागून काय आलं कळत नाही. माझा जीव इथे टांगणीला. मागच्या वर्षी तुम्ही कापूस वेचायचा आहे म्हणालात, शेत दुसऱ्याला बटईनं कसायला दिलेलं असताना! यंदा तसलं काही चालणार नाही. मधली खोली तुमच्यासाठी झाडून ठेवली आहे.

आता थोडं मन हलकं करते. सभागृहात कुत्रं यायला लागलं आहे. भटकं नाही, भटक्याला हाड म्हणता येतं. हे पट्ट्याचं, पोसलेलं आहे आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोहिनी आहे. नव्या कॉलनीत नागपूरहून आलेली, नवरा बँकेत. वासराएवढं तांबूस कुत्रं, नाव ब्रूनो. ती सकाळी योगाला येते, त्याला घेऊन. संध्याकाळी आमच्या भजनाला येते, त्याला घेऊन. आम्ही अभंग म्हणायचा, त्यानं सतरंजीवर आडवं पडून घोरायचं. मी म्हटलं, "बाई, याले बाहेर बांध." तर म्हणते, "काकू, तो काहीच करत नाही, खूप फ्रेंडली आहे." मी म्हटलं, "तो काई करत नाई हे त्याले मालूम आहे. मले कसं मालूम व्हावं?" हसली. मग "ब्रूनो बेटा, काकूंना शेकहँड दे" म्हणाली. बेट्यानं पंजा माझ्या धुतल्या पातळावर ठेवला. घरी येऊन पुन्हा आंघोळ केली. साबण काय फुकट येतो?

वर्गणीतून बांधलेलं सभागृह आहे. सगळ्यांचं आहे म्हणजे कुत्र्यांचंही आहे का, एवढंच मला कोणीतरी सांगा.

यायचं कळवा.
तुमची,
आनंदा

*

रोहणा
१५ ऑक्टोबर

चि. सौ. आनंदा हिले शोभाचा आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. दोनदा नाई, तीनदा वाचलं. संत्री दोन डझनच होते. एक रस्त्यात तुह्या नवऱ्यानं खाल्लं, मी पैज लावते. लहानपणापासून तसाच आहे.

तू एकटी एकटी म्हणून माह्या नावानं रडणं बंद कर. मी एकटी नाई. चंदन आहे सोबतीले. दीड वर्ष झालं, माह्यापाशीच राह्यते. दारात कोणी आलं का येऊन पदर ओढते. कुकरची शिट्टी झाली का पदर ओढते. शेतात जाऊ, दुकानात जाऊ, संग असते. लय जीव लावते पोरगा. त्याच्यापायी मले कानाची उणीव वाटत नाई.

सप्ताहाले यायचं मन आहे. आईच्या हातचा काला आठवते. पण मी आली तर चंदन बी येईन. त्याले इथं टाकून मी एक रात बी राहत नाई, हे आधीच सांगून ठेवते.

आन् त्या कुत्र्याचं काय घेऊन बसली तू? दत्तमहाराजाच्या फोटोत पायाशी चार कुत्रे बसले आहेत. ते कोणत्या कमिटीले विचारून बसले? त्याईचाच सप्ताह करून राह्यली ना तू?

तुही,
शोभाबाई

*

सिंदी (रेल्वे)
२५ ऑक्टोबर, शनिवार

ती. शोभाबाईंना सा. न.

पत्र मिळालं. दिवाळीच्या धांदलीत उत्तराला उशीर झाला. संत्र्याचं यांना विचारलं. हे म्हणाले, "ताईले कसं मालूम?" म्हणजे तुम्ही पैज जिंकलात.

दत्ताच्या पायाशी बसलेत ते चार वेद आहेत, शोभाबाई. मोहिनीचा ब्रूनो वेद नाही. वेदानं आजवर कोणाची चप्पल पळवलेली ऐकिवात नाही. माझी पळवली. नवी, दीडशेची. एक परत मिळाली, दुसरीचा फक्त अंगठा मिळाला.

आता हे चंदन प्रकरण. मला दोन रात्री झोप नाही. कोण हा मुलगा? कोणाचा? आडनाव काय? तुम्ही लिहिता पदर ओढतो. एवढ्या वर्षांच्या बाईचा पदर ओढून सांगायचं ही कुठली रीत? हाताला स्पर्श करून सांगता येत नाही? दीड वर्ष तुमच्या घरात राहतो आणि मला आज कळतं. पगार किती देता? दोन वेळचं जेवण तुमच्याकडेच ना? कपाटाची किल्ली कुठे ठेवता? हल्ली मुलं आधी जीव लावतात, मग कागदावर अंगठा मागतात. रागावू नका, तुमच्या भावाला सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे, ताईले सोबत झाली." यांना काय, यांना कोणीही सोबत चालतं.

तरी म्हणते, त्याला घेऊन या. नजरेखालून घालीन. मुलगा कामाचा असेल तर सप्ताहात हात कमीच आहेत. चपलांजवळ बसायला कोणी तयार होत नाही. सगळ्यांना आत तबल्याजवळ बसायचं असतं. चंदनला ते काम देऊ. पत्रिका छापायला जायची आहे, आडनाव लगेच कळवा.

आणखी एक वाईट झालं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी भजनाला कमला (आपल्या पेटीवर बसते ती, तुम्ही तिला ओळखता) आरतीचं तबक घेऊन वळली. मागे ब्रूनो येऊन उभा, तिला काय माहीत? अडखळून पडली. मनगट मोडलं. तबक एकीकडे, कापूर एकीकडे, आणि कुत्रं खडीसाखर वेचतंय. आणि मोहिनी म्हणते काय? "ब्रूनो घाबरला हो!" मी तिला म्हटलं, "तो घाबरला त्याले पेढा दे, आन् हिले काय द्यावं ते सांग." प्लॅस्टर बसलं आहे. सप्ताहात पेटी कोण वाजवणार देव जाणे.

आता मी गप्प बसणार नाही. घरोघर फिरून सह्या घेते आहे. सभागृहात कुत्रं बंद, पाळीव असो की राजाचं असो. माणसं खाली बसतात, प्रसाद खाली वाढतात, तान्ही मुलं रांगतात. यात माझं काय चुकतं, तुम्हीच सांगा.

उत्तर लवकर.
आनंदा

*

रोहणा
३१ ऑक्टोबर

चि. सौ. आनंदास आशीर्वाद.

कार्डावर जागा कमी म्हणून थोडक्यात. कमलाबाईच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. माह्यी विचारपूस सांगजो. हळदीचं दूध देत जा म्हणा.

चंदनले आडनाव नाई. बोरीच्या झाडाखाली पावसात सापडला, हाडं दिसत होती. पगार घेत नाई, भाकर घेते. किल्लीले हात लावत नाई. बिडी नाई, खर्रा नाई, मोबाईल नाई. असा पोरगा तुह्या सिंदीत एक दाखव.

तू विचारलं, चुकते काय? चुकत काई नाई. पण तुह्या त्याच सभागृहात माणसं कोपऱ्यात खर्रा थुंकतात, तेव्हा सह्या घेत फिरली होती का?

बोर्ड लावशील तेव्हा त्याच्यावर काय लिहिलं ते शब्दाले शब्द कळवजो. मले वाचायचं आहे.

शोभाबाई

*

सिंदी (रेल्वे)
७ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. शोभाबाईंना सा. न.

ठराव पास झाला! त्रेसष्ट सह्या. विरोधात फक्त मोहिनी, आणि आपली सुरभी. हो, पोटची मुलगी. म्हणते, "आई, कुत्र्याची नाही, धरणाऱ्याची चूक आहे." मी म्हटलं, "धरणारीले बोर्ड वाचता येते, म्हणून तर लावून राह्यली."

खर्ऱ्याचं तुम्ही बरोबर बोललात. तेही ठरावात घालून घेतलं. पहिल्या फटक्यात तुमच्या भावाचे दोन मित्र पकडले गेले, आता ते माझ्याशी बोलत नाहीत. शांतता आहे.

बोर्ड शब्दशः असा: "सभागृहात कुत्र्यांना मनाई आहे. पाळीव असो वा भटके. अपवाद नाही." पेंटर शब्दाला पैसे लावतो, म्हणून "कृपया" होतं ते मी काढलं. कुत्र्याला कशाला कृपया? नवा खिळा ठोकला नाही, भिंत खराब होते. जुनाच रिकामा खिळा होता त्याला लावला. आता लक्षात आलं की तो खिळा नेमका दत्ताच्या तसबिरीखाली आहे. सुरभी येता-जाता त्या चौघांकडे आणि बोर्डाकडे बघून हसते. हसू दे.

मोहिनी भांडायला घरी आली होती. ओट्यावरच उभी राहिली, ब्रूनोला फाटकाबाहेर बांधून. एवढं तरी शिकली.

"काकू, अपवाद नाही म्हणजे काय? पोलिसांचा कुत्रा आला तर?"

"चोर आधी येऊ दे, मग पाहू."

"आणि एखाद्या आंधळ्या माणसाचा असला तर? तशी कुत्री असतात, शिकवलेली. माणसाला रस्ता दाखवतात."

"ते मुंबई-पुण्यात असतीन. आपल्या सिंदीत कोणाले कुत्र्याच्या आधाराची गरज पडली नाई आतालोक. माणसं मेली आहेत का?"

जाताना एवढंच म्हणाली, "निदान कृपया तरी लिहायचं होतं." मला वाटतं जिरली.

सोबत पत्रिका पाठवते. पाचशे छापल्या. खालून तिसरी ओळ बघा: "पादत्राणे व्यवस्था: चि. चंदन (रोहणा)". आडनाव नाही तर नाही, अनाथ मुलाला छापील नाव तरी मिळालं. तुमचं पत्र वाचून मला खरोखर गलबलून आलं, शोभाबाई. पावसात सापडलेलं लेकरू सांभाळायचं पुण्य कोणाला मिळतं! मी उगीच किल्लीचं लिहिलं. यांचा जुना सदरा आहे तो उसवून त्याला बेताचा करून ठेवते. उंची आणि छाती कळवा. गादी मधल्या खोलीच्या पडवीत घालीन.

बस कोणती धरता ते कळवा. हे वर्ध्याला घ्यायला येतील. संत्री आणलीत तर पिशवी तुम्हीच धरा.

आनंदा

*

रोहणा
१३ नोव्हेंबर

चि. सौ. आनंदास अनेक आशीर्वाद.

मी सप्ताहाले येत नाई. मधली खोली कोणाले द्यायची ते दे.

सदरा उसवू नको. चंदन कुत्रा आहे.

आता तू कपाळावर हात मारून घेतला असशील. मार. मग पुढचं वाच.

मी खोटं एक अक्षर लिहिलं नाई. तू कोणाचा, आडनाव काय, पगार किती, सगळं विचारलं. आदमी आहे का, हे नाई विचारलं. पह्यल्या पत्रात सांगणारच होती, पण त्याच्याआधी तुहं पत्र आलं, पंजा लागला म्हणून दुसऱ्यांदा आंघोळ केली. मग माह्यी हिंमत नाई झाली. मजा बी वाटली थोडी, खोटं काऊन बोलू. पण तू त्याचं नाव छापलं आन् माह्यी मजा गेली.

गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दुकानातून येऊन राह्यली होती. रस्ता मोकळा दिसला म्हणून मधून चालत होती. चंदन एकाएकी समोर आडवा झाला आन् लुगड्याचा घोळ धरून असा ओढला का मी नालीत बसली. दोन शिव्या दिल्या त्याले. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर गेला, ट्रॉली भरलेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता म्हणे, लोकाईनं मागून सांगितलं. मले काय, वाजलं काय आन् नाई वाजलं काय. तुले हे कळवलं नाई. कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन मले उचलून नेलं असतं, आन् तो इथं राह्यला असता.

त्या दिवसापासून मी त्याच्याबिगर फाटकाबाहेर पाय टाकत नाई. तू मोहिनीले म्हटलं, माणसं मेली आहेत का? मेली नाईत, आनंदा. पण माणसाले कामं असतात. बटईवाला सकाळी येते, शेजारीण दुपारी डोकावते. पदर ओढायले दिवसरात कोणी बसत नाई, आन् बसावं असं मी म्हणत बी नाई.

तुह्या बोर्डात चूक नाई. कमलाबाईचा हात मोडला आहे. चार माणसाच्या जागेत चार माणसाले सोसन तेच न्यावं. मी तुह्या जागी असती तर मी बी सही केली असती. पण बोर्डावर "अपवाद नाई" लिहिलं आहे आन् मी तुह्यी नणंद आहे. तुह्याच बोर्डाखालून तुह्यीच नणंद कुत्रा घेऊन आली तर गल्ली तुले काय म्हणन? तुले खाली पाहाले लावून मले काला गोड लागणार नाई.

पत्रिका परत पाठवत नाई. ती तिसरी ओळ चंदनले दाखवली. त्यानं हुंगली.

कमलाबाईले विचारलं म्हणून सांगजो. मले बोलावू नको आता.

शोभाबाई

*

सिंदी (रेल्वे)
१९ नोव्हेंबर, बुधवार

ती. शोभाबाईंना साष्टांग नमस्कार.

पत्र सोमवारी आलं. सोमवारी मी फक्त यांच्याशी बोलले. मंगळवारी सगळ्यांशी बोलले. आज तुम्हाला लिहिते आहे. पेन जोरात दाबलं जातंय, कागद फाटला तर समजून घ्या.

सदरा उसवून झालेला होता. एक बाही कापलीसुद्धा. आता तो ना यांच्या कामाचा, ना चंदनच्या. फडकी केली.

मला राग कशाचा आला सांगू? कुत्र्याचा नाही. ट्रॅक्टरचा. पोळ्याला तुम्ही मला पत्र लिहिलं होतं, मी ठेवलेलं आहे, काढून बघितलं. त्यात लिहिलंय, "पाय मुरगळला थोडा, नालीजवळ." एवढंच! मी तुम्हाला लेप कसा लावायचा ते लिहून पाठवलं, पानभर. तुम्ही त्या ट्रॉलीखाली गेला असता तर मला फोनवर कळलं असतं, आणि मी इथे संत्री मोजत बसले असते. तुम्ही सासरी मला पहिल्यांदा पोळी लाटायला शिकवली, आणि आता माझ्यापासून लपवता? सोवळं माझं आहे, ते मला सोडता येतं की नाही हे मला विचारायचं होतं. तुम्ही परस्पर ठरवलं. वर मलाच म्हणता, तू विचारलं नाही.

असो. झालं ते असं.

सोमवारी रात्री यांना पत्र वाचून दाखवलं. हे आधी पोट धरून हसले. मग ट्रॅक्टरपाशी आल्यावर उठून बाहेर गेले.

मंगळवारी सकाळी मी आधी कमलाकडे गेले. तिचा हात मोडलाय, तिला विचारल्याशिवाय बाकी कोणाशी बोलण्यात अर्थ नव्हता. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी कुत्र्यानं नाई पडली ओ आनंदाबाई. तो मागून आला, दिसला नाई, म्हणून पडली. दारात बांधून ठेवा, समोर दिसू द्या, मंग मीच त्याले हाड म्हणीन. पण आत नको." तिचं मी लिहून घेतलं: आत नको.

मग मोहिनीकडे. तिच्या फाटकाशी दहा वेळा घसा खाकरला. ब्रूनोनं ओळखलं, चपलेकडे बघत होता. मी म्हटलं, "तू त्या दिवशी आंधळ्या माणसाच्या कुत्र्याचं बोलली होती, ते पुन्हा सांग." तिनं सांगितलं, अशी कुत्री कानानं अधू माणसांसाठीही असतात म्हणे, शिकवतात त्यांना. मी म्हटलं, "आमच्या चंदनले कोणी शिकवलं नाई, त्याचा तोच शिकला." तेव्हा ती हसली नाही. पण लगेच म्हणाली, "म्हणजे काकू, तुमचा कुत्रा आला की वेगळा नियम, आणि माझा आला की बोर्ड?" तिचं बोलणं रास्त होतं. बोचलं, पण रास्त होतं.

संध्याकाळी मंडळाची बैठक बोलावली. मीच मांडलेला ठराव मीच पुन्हा काढते म्हटल्यावर लोकांच्या तोंडावर जे हसू होतं ते तुम्ही बघायला हवं होतं. खर्रावाले दोघे पहिल्या रांगेत येऊन बसले. मी उभी राहून सांगितलं, माझं मत बदललेलं नाही. जिथे माणसं खाली बसून जेवतात तिथे कुत्रं नको. माझ्या नणंदेचंही नको आणि मोहिनीचंही नको. पण कुत्रं नको म्हणताना आपण माणूसही दाराबाहेर ठेवत असू, तर नियम लिहिताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिसरं काही सुचत असेल तर सांगा.

दीड तास कोणाला काही सुचलं नाही, सगळे एकदम बोलत होते. शेवटी आपल्याच पत्रिकेनं मार्ग दाखवला. चंदनचं काम काय छापलंय? चपलांची व्यवस्था. चपला कुठे असतात? उंबरठ्याबाहेर, ओट्यावर. बोर्ड कुठे लागू? सभागृहात. मग अडलं कुठे? ओट्याच्या खांबांना दोन कड्या बसवल्या. कुत्रं घेऊन येईल त्यानं तिथे बांधावं, दोर आखूड, पाण्याचं भांडं आपलं आपण आणावं. ब्रूनोलाही तेच. मोहिनीनं मान्य केलं. दोन कड्यांमध्ये अंतर ठेवलं आहे, नाहीतर चपलांची राखण करणारा कोण आणि खाणारा कोण ते कळणार नाही.

तुमची जागा आत, उंबरठ्याला लागून, खांबाजवळ. चंदनच्या दोराचं टोक कडीतून ओवून तुमच्या हातात राहील, तो बाहेर, तुम्ही आत. यावर खर्रावाल्यांपैकी एकानं हरकत घेतली, की दोर उंबरठा ओलांडून आत येतो, म्हणजे नियम मोडतो. तेव्हा तुमचे भाऊ इतक्या वर्षांत पहिल्यांदा बैठकीत बोलले. म्हणाले, "दोर भुंकत नाई. पुढं चला." ठराव पास.

बोर्डावरचं "अपवाद नाही" पेंटरकडून पुसून घेतलं, "उंबरठ्याच्या आत" वाढवलं, आणि "कृपया" घातलं. त्या एका शब्दाचे पैसे मंडळाच्या नाही, माझ्या खात्यातून दिले.

गल्ली मला काय म्हणेल याची काळजी करू नका. म्हणून झालं. आता तीच माणसं विचारतात, रोहण्याचा चंदन कधी येतो? पाचशे पत्रिका वाटून झाल्या आहेत, छापलेलं नाव मी खोडणार नाही. कागद वाया घालवायची मला सवय नाही, आणि माणूसही.

राहिलं घराचं. घर सार्वजनिक नाही, माझं आहे, तिथला बोर्ड मीच. मधल्या खोलीत तुम्ही, पडवीत तो. देवघराच्या पायरीवर चढायचं नाही, मी आंघोळ करून आले की अंगाशी यायचं नाही. पदर ओढायचा तर तुमचा ओढावा, माझा नाही. माझे कान शाबूत आहेत. पण रात्री तुम्हाला काही लागलं आणि मला जाग आली नाही, तर माझा ओढला तरी चालेल, हे त्याला कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

एसटीत त्याला घेतील की नाही हे यांनी वर्ध्याच्या डेपोत विचारलं. तिथे तिघांनी तीन उत्तरं दिली. म्हणून हे स्वतः २६ ला ऑटो करून रोहण्याला येणार आहेत. ऑटोचं भाडं मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

आता नाही म्हणायचं असेल तर पत्र पाठवू नका, तोंडावर येऊन म्हणा. बाकी एवढंच परतीच्या डाकेनं कळवा: चंदन ज्वारीची भाकर खातो की पोळी, कोरडी की दुधात कुस्करून, आणि एका वेळेला किती. सप्ताहाची दळणं सोमवारी टाकायची आहेत.

तुमची,
आनंदा